पत-अहवाल : आपल्या नावाचा उतारा

सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नवापूर हे स्थानक दोन राज्यांच्या सीमेवर उभे आहे. त्याचा काही भाग महाराष्ट्रात, तर उरलेला गुजरातेत मोडतो. याच मार्गाने जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबे गेल्या काही दशकांत सुरतेस गेली आणि लिंबायत, उधना, दिंडोली, पांडेसरा या वस्त्यांतून स्थिरावली. कोणी यंत्रमागावर, कोणी कापडाच्या छपाई व रंगाईच्या कारखान्यात, कोणी हिऱ्यांना पैलू पाडण्याच्या कामात गुंतला. तथापि गावचे घर सुटले नाही. शेतीचा उतारा गावी, शाळेचा दाखला गावचा, आणि कामाचे ठिकाण मात्र परराज्यात, अशी या कुटुंबांची दुहेरी स्थिती असते. साहजिकच एकाच माणसाचे नाव दोन राज्यांच्या कागदपत्रांत, दोन तऱ्हांनी, दोन पत्त्यांसह नोंदले जाते.

एरवी या गोष्टीने फारसे अडत नाही. अडते ते कर्ज मागण्याच्या वेळी. उदाहरणादाखल एक प्रसंग कल्पावा. उधन्यातील एका कारखान्यात पंधरा वर्षे काम केलेला कामगार स्वतःच्या घरासाठी बँकेकडे अर्ज करतो. पगार नियमित आहे, थोडीफार शिल्लक आहे, कोणाचे देणे नाही. आठ दिवसांनी बँकेतून उत्तर येते की, "तुमचे सिबिल बसत नाही." काही वर्षांपूर्वी त्याने हप्त्यांवर मोटारसायकल घेतली होती. शेवटच्या हप्त्याच्या वेळी तो आखाजीसाठी गावी गेला होता, खात्यात पैसे नव्हते, हप्ता परत गेला. परत आल्यावर त्याने हप्ता रोखीने भरला व पावती घेतली. मात्र हप्ता परत गेल्याबद्दलचे ५९० रुपयांचे शुल्क खात्यावर राहून गेले. त्याला ते कोणी सांगितले नाही, त्यानेही विचारले नाही. परिणामी ते कर्जखाते आजपावेतो ‘थकीत’ म्हणून उघडे आहे. ५९० रुपयांपायी काही लाखांचे गृहकर्ज अडावे, हे त्या कामगारास अन्यायाचे वाटते. तथापि आपल्या नावावर अशी नोंद आहे, हेच त्यास ठाऊक नव्हते.

बँकेने नाकारलेला मनुष्य पुढे कोठे जातो, हे सांगावयास नको. जानेवारी २०२३ मध्ये गुजरात पोलिसांना व्याजखोरांविरुद्ध राज्यव्यापी मोहीम हाती घ्यावी लागली होती. खाजगी सावकारीचे जाचक स्वरूप महाराष्ट्रातील ग्रामस्थांनाही अपरिचित नाही. यास्तव आपल्या नावावर काय नोंदले आहे, हे कर्जाची गरज पडण्यापूर्वीच पाहून ठेवणे इष्ट ठरते.

पत कोण मोजतो?

सुरत आणि पत यांचा संबंध फार जुना आहे. शिवाजी महाराजांनी जानेवारी १६६४ मध्ये सुरतेवर स्वारी केली, त्या वेळी ज्या धनिकांची संपत्ती हाती आली त्यांत वीरजी व्होरा हा प्रमुख होता. हा व्यापारी इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीसही कर्ज देत असे. त्या काळी सुरतेच्या शराफांनी लिहिलेली हुंडी दूरच्या शहरांत वटे, ती केवळ लिहिणाऱ्याच्या नावावर. आजही सुरतेच्या महिधरपुरा भागातील हिरेबाजारात लाखो रुपयांचा माल जांगडावर, म्हणजे पसंतीसाठी म्हणून, एका साध्या चिठ्ठीवर दुसऱ्याच्या हाती दिला जातो. गुजरातीत यास ‘शाख’ म्हणतात. आपल्याकडे ‘बाजारात पत असणे’ म्हणतात ते हेच.

परंतु ही पत पेढीवाल्यांची व व्यापाऱ्यांची, पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीतून आलेली. खानदेशातून नुकताच आलेल्या कामगारास या व्यवहारात स्थान नाही. त्याची ओळख पटविण्यास बँकेपाशी एकच साधन आहे, आणि ते म्हणजे त्याने पूर्वी घेतलेल्या कर्जांची लेखी नोंद.

अशा नोंदी एकत्रित ठेवणारी संस्था भारतात असावी, असा विचार रिझर्व्ह बँकेने १९९९ मध्ये नेमलेल्या एन. एच. सिद्दीकी यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने मांडला. त्यातून २००० साली ‘क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो’ म्हणजे सिबिल ही कंपनी स्थापन झाली आणि २००४ पासून व्यक्तिगत कर्जांच्या नोंदी बँकांना मिळू लागल्या. संसदेने २००५ साली पतमाहिती कंपन्यांच्या नियमनाचा अधिनियम संमत केला. तो डिसेंबर २००६ मध्ये अंमलात आला. आज अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपीरियन व क्रिफ हाय मार्क. पहिलीचे नाव लोकांच्या तोंडी इतके बसले आहे की, कोणत्याही कंपनीच्या अहवालास सर्रास ‘सिबिल’ म्हटले जाते. वनस्पती तुपास जसे ‘डालडा’ म्हटले जाई, तसाच हा प्रकार होय. त्यातून एक गैरसमज मात्र होतो. कंपन्या चार असल्याने अहवालही चार असतात, आणि एकीकडे दुरुस्त झालेली नोंद दुसरीकडे तशीच राहू शकते.

रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१५ मध्ये सर्व पतसंस्थांना या चारही कंपन्यांचे सभासद होण्याचे निदेश दिले. येथे ‘पतसंस्था’ हा शब्द अधिनियमातील अर्थाने समजावयाचा. त्यात व्यापारी बँका, सहकारी बँका, प्रादेशिक ग्रामीण बँका आणि हप्त्यांवर वस्तू देणाऱ्या वित्तपुरवठा कंपन्या येतात. गावातील पतपेढी वेगळी. हे कर्जदाते आपल्या कर्जदारांची माहिती ठराविक कालावधीने या कंपन्यांकडे धाडतात. पूर्वी ती महिन्यातून एकदा जात असे. १ जानेवारी २०२५ पासून ती निदान पंधरवड्यास एकदा पाठविणे बंधनकारक झाले. या पद्धतीने अलीकडच्या हप्त्याची चूकही थोड्याच दिवसांत अहवालात उमटते, आणि भरणाही.

सातबाऱ्याशी साम्य

शेतकरी वाचकांना हा अहवाल समजण्यास सातबाऱ्याचे उदाहरण पुरेसे आहे. सोसायटीचे कर्ज घेतले की ‘इतर हक्क’ या रकान्यात बोजा चढतो. कर्ज फेडले म्हणून तो बोजा आपोआप उतरतोच असे नाही. बँकेचा दाखला तलाठ्याकडे जाऊन फेरफार मंजूर व्हावा लागतो. तो न केल्यास फेडलेले कर्ज वर्षानुवर्षे उताऱ्यावर दिसत राहते आणि जमीन विकण्याच्या वा वाटणीच्या वेळी डोळ्यांत खुपते. पत-अहवालाचे असेच आहे. अंतर इतकेच की, सातबारा चावडीवर जाऊन पाहण्याची ग्रामस्थांना सवय आहे, आणि या उताऱ्याचे अस्तित्वच अनेकांस माहीत नसते.

अहवालाच्या आरंभी नाव, जन्मतारीख, पॅन, मतदार ओळखपत्र आदी क्रमांक, पत्ते व दूरध्वनी क्रमांक असतात. त्यानंतर एकेका कर्जखात्याचा तपशील येतो : कर्ज कोणत्या प्रकारचे, केव्हा दिले, मूळ रक्कम किती, आज शिल्लक किती, थकीत किती, आणि खाते बंद झाले असल्यास कोणत्या तारखेस. खात्याखाली गेल्या ३६ महिन्यांचे चौकोन असतात. वाचकाने सर्वांत अधिक वेळ येथे द्यावा. चौकोनातील आकडा म्हणजे त्या महिन्यात हप्ता किती दिवस थकला होता, ती संख्या. ‘०००’ असेल तर काही थकलेले नाही. ‘०३०’ असेल तर तीस दिवस. जेथे त्या महिन्याची माहिती बँकेने पाठविलेलीच नाही, तेथे सिबिलच्या अहवालात तीन फुल्या दिसतात. त्यांना घाबरण्याचे कारण नाही. साधारणपणे ९० दिवसांहून अधिक थकलेले खाते बँक अनुत्पादक ठरविते. पीककर्जास हा हिशेब लागू नाही. तेथे अल्पमुदतीच्या पिकांसाठी दोन हंगाम व दीर्घमुदतीच्या पिकासाठी एक हंगाम धरला जातो, कारण शेताला महिन्याचा पगार नसतो.

दोन शब्दांविषयी मात्र विशेष सावध असावे. ‘सेटल्ड’ म्हणजे तडजोडीने मिटविलेले आणि ‘रिटन-ऑफ’ म्हणजे निर्लेखित. वसुली प्रतिनिधी फोन करून सांगतो की, साठ हजारांऐवजी पंचवीस हजार एकरकमी भरा, प्रकरण संपले. कर्जदार सुटकेचा श्वास टाकतो. अहवालात मात्र ते खाते ‘बंद’ असे न दिसता ‘तडजोड’ असे दिसते, आणि पुढील बँक त्याचा अर्थ ‘याने पूर्ण पैसे दिले नाहीत’ असा घेते. तडजोड करूच नये, असे नाही. अडचणीच्या काळी ती करावी लागते. परंतु तिची किंमत पंचवीस हजारांहून थोडी अधिक आहे, हे आधी समजलेले बरे. निर्लेखनाविषयीचा समज तर याहून चुकीचा आहे. बँकेने आपल्या हिशेबातून रक्कम काढून टाकली म्हणजे कर्ज माफ झाले असे नव्हे. देणे कायम राहते.

अहवालाच्या अखेरीस ‘चौकशी’ हा भाग असतो. कोणत्या बँकेने वा कंपनीने कोणत्या तारखेस हा अहवाल मागविला, याची ती यादी होय. एका महिन्यात दहा ठिकाणी अर्ज केल्यास येथे दहा नोंदी होतात आणि कर्जदार अडचणीत असावा, अशी शंका निर्माण होते. स्वतः स्वतःचा अहवाल पाहिल्याने मात्र गुणांक कमी होत नाही. ‘पाहिले की कमी होते’ हा समज इतका रूढ आहे की, त्यापायी पुष्कळ लोक पाहणेच टाळतात.

गुणांक ३०० पासून ९०० पर्यंत असतो. हप्ते वेळेवर भरले काय, क्रेडिट कार्डाच्या मर्यादेपैकी किती भाग वापरला, कर्जव्यवहार किती जुना आहे, तारण व विनातारण कर्जांचे प्रमाण काय, आणि अलीकडे किती ठिकाणी अर्ज केले, या गोष्टींवरून संगणक तो काढतो. प्रत्येक कंपनीचे सूत्र निराळे, म्हणून चार कंपन्यांचे गुणांक सारखे नसणे स्वाभाविक आहे. बहुतेक बँका ७५० च्या आसपासचा गुणांक चांगला मानतात. कोणत्याही कायद्याने अशी किमान रेषा आखलेली नाही. ती ज्या त्या बँकेच्या धोरणाचा भाग होय.

ज्याने आयुष्यात कधीच कर्ज घेतले नाही, त्याचा गुणांक मुळी निघतच नाही. असा मनुष्य वाईट कर्जदार नव्हे. त्याची केवळ नोंद नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जानेवारी २०२५ च्या निदेशांत पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पूर्वेतिहास नाही म्हणून फेटाळू नये, असे स्पष्ट करण्यात आले. वित्त मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेतही हेच सांगितले. महाराष्ट्रात पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरू नये, अशी ताकीद मुख्यमंत्र्यांनी मे २०२५ मधील राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत बँकांना दिली होती. बँकेच्या खिडकीशी या गोष्टी ठाऊक असलेला अर्जदार अधिक धीराने बोलू शकतो.

चुका कोठून येतात?

खानदेश व सुरत यांच्या दरम्यान ये-जा करणाऱ्या कुटुंबांच्या अहवालात चुका होण्याची कारणे जरा वेगळी आहेत व ती सविस्तर पाहण्याजोगी आहेत.

पहिले कारण नावाचे. गुजरातेत नावास ‘भाई’ व ‘बेन’ जोडण्याची रीत आहे. गावच्या दाखल्यावरील ‘सुनील’ सुरतेच्या कागदावर ‘सुनीलभाई’ होतो, ‘मंगलाबाई’ची ‘मंगलाबेन’ होते. आडनाव कोठे आधी, कोठे शेवटी. वडिलांचे नाव कोठे पूर्ण, कोठे एका अक्षरात. माणसाच्या दृष्टीने हे एकच नाव आहे, यंत्राच्या दृष्टीने कदाचित दोन. मग एकाच व्यक्तीच्या कर्जांच्या नोंदी दोन ठिकाणी विभागल्या जातात, आणि चांगल्या परतफेडीचे श्रेय तिच्या पदरी पडत नाही.

याच्या उलट प्रकार अधिक तापदायक. तो म्हणजे दोन व्यक्तींची नोंद एकत्र होणे. खानदेशात पाटील, महाजन, चौधरी या आडनावांची किती माणसे एकाच नावाची निघतील, याची मोजदाद नाही. त्यात जन्मतारखेचा घोळ. शाळेत नाव घालताना पालकांना तारीख सांगता आली नाही, तर गुरुजींनी १ जून ही तारीख लिहून टाकावी, अशी पद्धत महाराष्ट्रातील खेड्यांत वर्षानुवर्षे होती. पटावर मुलगा वेळेवर यावा, हा त्यामागील सद्‌हेतू. आज त्या सोयीच्या तारखेचा परिणाम असा की, नाव एक, आडनाव एक, जन्मतारीख १ जून आणि सालही तेच, अशी माणसे शेजारच्या दोन गावांत सापडतात. पॅन क्रमांकामुळे आता पुष्कळ गोष्टी सुकर झाल्या आहेत. परंतु जुनी लहान कर्जे शिधापत्रिका वा मतदार ओळखपत्रावर दिलेली असत, आणि त्यांच्या नोंदी अजून सापडतात. आपण न घेतलेले कर्ज अहवालात दिसले, तर प्रथम हा घोटाळा असावा काय, ते पाहावे. तसे नसेल, तर आपल्या पॅन क्रमांकाचा कोणी गैरवापर केला असावा. फेब्रुवारी २०२२ मध्ये मोबाईलवरून झटपट कर्ज देणाऱ्या एका कंपनीची कर्जे आपल्या नावावर परस्पर घेतली गेल्याच्या तक्रारी देशभरातून आल्या होत्या. तक्रारदारांपैकी अनेकांना ही गोष्ट अहवाल पाहिला तेव्हाच कळली. अशा वेळी पोलिसांच्या सायबर शाखेकडे तक्रार नोंदवून तिची प्रत दुरुस्तीच्या अर्जास जोडावी.

तिसरे कारण पत्त्याचे. सुरतेतील भाड्याची खोली दर दोन-तीन वर्षांनी बदलते, भ्रमणध्वनीचा क्रमांकही बदलतो. बँकेची सूचना जुन्या पत्त्यावर जाते. उपरोक्त कामगाराच्या ५९० रुपयांची गोष्ट बहुधा अशाच एखाद्या न पोहोचलेल्या पत्रात असावयाची.

आणि चौथे, ज्यास चूक म्हणता येणार नाही, ते म्हणजे जामीनकी. गावात कोणास कर्ज हवे असले की लोक शिक्षकाकडे जातात, कारण त्याचा पगार निश्चित. भिडेखातर गुरुजी सही करतात व विसरून जातात. जामीनदार या नात्याने ते कर्ज गुरुजींच्याही अहवालात नोंदले जाते. भाच्याने सुरतेत हप्ते थकविले की, त्याचे डाग मामांच्या अहवालावर उमटतात, आणि स्वतःच्या मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागावयास गेले असता ते प्रथम कळते. सही करण्यापूर्वी विचार करावा हे खरेच. परंतु सही करून झालेली असल्यास, त्या कर्जाची स्थिती वर्षातून एकदा तरी स्वतःच्या अहवालात पाहण्यास कोणाची भीड आड येत नाही.

महिलांच्या संयुक्त दायित्व गटांना मिळणारी सूक्ष्म कर्जेही या नोंदींत असतात. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या निदेशांनुसार वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबास दिलेले विनातारण कर्ज हे सूक्ष्म कर्ज होय, आणि सर्व कर्जांचे मिळून हप्ते कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. हे पडताळण्यासाठी कर्जदाता पत-अहवाल पाहतो. गटप्रमुखाकडे रोख दिलेला हप्ता पुढे भरला गेला किंवा नाही, हे सभासद भगिनीस येथेच कळू शकते.

येथे २०२० सालाची आठवण अप्रस्तुत होणार नाही. टाळेबंदीत सुरतेचे माग थांबले, कामगार मिळेल त्या साधनाने गावाकडे निघाले. त्या वेळी रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या काळातील हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली आणि अशी सवलत घेतल्याने पत-इतिहासास बाधा येऊ नये, असेही सांगितले. नियमाने मिळालेली सवलत आणि थकबाकी या दोन गोष्टी भिन्न आहेत. हप्ता भरणे शक्य नसेल तेव्हा गप्प बसण्यापेक्षा बँकेत जाऊन लेखी अर्ज करणे श्रेयस्कर, ते याच कारणाने.

पाहण्याचा व दुरुस्तीचा अधिकार

२००५ च्या अधिनियमाच्या कलम २१ अन्वये, कर्जासाठी अर्ज केलेल्या व्यक्तीस बँकेने मागविलेल्या तिच्या पतमाहितीची प्रत मागण्याचा अधिकार आहे. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या निदेशानुसार २०१७ पासून प्रत्येक पतमाहिती कंपनीने प्रत्येक व्यक्तीस दर वर्षी एक संपूर्ण अहवाल, गुणांकासह, विनामूल्य दिला पाहिजे. कंपन्या चार, म्हणजे वर्षास चार अहवाल. तीन-तीन महिन्यांच्या अंतराने एकेक मागविल्यास वर्षभर लक्ष राहते. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर नाव, जन्मतारीख, पॅन व भ्रमणध्वनी क्रमांक देऊन तो मिळतो. इतर अनेक मोबाईल अॅपही ‘मोफत सिबिल’ देऊ करतात. त्यांचा हेतू बहुधा नवे कर्ज विकण्याचा असतो, हे ध्यानात असू द्यावे. ‘सिबिल वाढवून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थांपासून तर दूरच राहावे. खरी नोंद कोणालाही पुसता येत नाही, आणि खोटी नोंद दुरुस्त करण्यास पैसे लागत नाहीत. अशा माणसास भ्रमणध्वनीवर आलेला सांकेतिक क्रमांक सांगणे म्हणजे घराची किल्ली देणे होय.

दुरुस्तीचा अर्ज पतमाहिती कंपनीकडे वा संबंधित बँकेकडे, कोठेही करता येतो. कंपनी स्वतःच्या अधिकारात आकडा बदलत नाही. ती बँकेस विचारते, व बँकेने मान्य केल्यावर नोंद बदलते. या सर्वांस मिळून ३० दिवसांची मुदत आहे. त्यांपैकी बँकेने २१ दिवसांत आपले काम करावयाचे असते. पूर्वी ही मुदत उलटली तरी कोणाचे काही बिघडत नसे. २६ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाने त्यात पालट झाला. एप्रिल २०२४ पासून, तक्रार ३० दिवसांत न सुटल्यास पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई तक्रारदारास द्यावी लागते. ज्याच्याकडून विलंब झाला, त्याने ती द्यावयाची. दुरुस्ती नाकारल्यास कारण कळविणेही आवश्यक आहे. म्हणून अर्जाची तारीख व तक्रार क्रमांक जपून ठेवावा. तोंडी सांगून आलेल्या तक्रारीस दिवस मोजता येत नाहीत.

मुदतीत उत्तर न आल्यास वा ते समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही लोकपाल योजनेच्या कक्षेत आल्या आहेत. तक्रारीस शुल्क नाही, वकिलाची गरज नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. कर्जदार सुरतेत, बँकेची शाखा शहाद्यास व पतमाहिती कंपनी मुंबईस, असे असले तरी तक्रार एकाच ठिकाणी केली जाते. दोन राज्यांत विभागलेल्या कुटुंबांना ही सोय विशेष उपयोगी आहे.

उधन्याच्या त्या कामगाराने काय करावे? प्रथम कर्ज देणाऱ्या कंपनीकडून खात्याचा संपूर्ण उतारा मागवावा. ५९० रुपयांचे शुल्क नियमानुसार असेल, तर ते भरून पावती व बेबाकी दाखला घ्यावा. शेवटचा हप्ता एक महिना उशिरा भरला, ही गोष्ट खरी आहे. ती नोंद राहील, व कालांतराने तिचा प्रभाव ओसरेल. परंतु हप्ता भरल्यानंतरच्या महिन्यांतही तो थकलेला दाखविला असल्यास ते असत्य आहे, आणि रोखीच्या पावतीची प्रत जोडून ती नोंद बदलून घेण्याचा त्यास पूर्ण हक्क आहे. त्याच अर्जात नावापुढील ‘भाई’ व जुना पत्ता यांचीही दुरुस्ती मागावी. तीस दिवसांनी चारही कंपन्यांचे अहवाल पुन्हा पाहावेत. ‘थकीत रक्कम’ या रकान्यात शून्य व ‘खाते बंद’ या रकान्यात तारीख आली आहे, याची खात्री झाल्यावरच गृहकर्जाचा अर्ज पुन्हा दाखल करावा.